सुप्याच्या बाजारातली राख

सुपे नावाची दोन गावे पुष्कळांच्या बोलण्यात एक होऊन जातात. पुण्याहून नगरला जाताना पारनेर तालुक्यात लागते ते सुपे वेगळे. ही हकिकत ज्या सुप्याची आहे, ते पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघून चौफुल्याला मोरगावच्या अंगाने वळले की लागते. आज ते बारामती तालुक्यात आहे. १८७५ साली भीमथडी तालुक्यात होते. शहाजीराजांच्या जहागिरीतले ‘पुणे आणि सुपे’ हे परगणे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेले असतात. त्यातलेच हे सुपे. शाह मन्सूरचा दर्गा, भोवतालच्या वाड्यावस्त्यांना जोडणारा आठवडी बाजार आणि त्या बाजाराच्या आधाराने वसलेली वाण्या-सावकारांची घरे, असे हे मोठे गाव. १२ मे १८७५ रोजी, बुधवारी, या गावात जे घडले त्याचा अर्थ लावायचा तर आधी इथला पाऊस समजून घ्यावा लागतो.

लोणावळ्याला वर्षाकाठी ४००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तेच ढग पुण्यावर येईपर्यंत ७०० मिलिमीटरच्या आसपास उतरतात आणि सुप्याच्या माळावर ५०० देऊन पुढे जातात. तेही सरासरीने, सरासरी इतका पाऊस पडलेले वर्ष इथल्या माणसाला क्वचितच भेटते. भीमा, मुळा-मुठा, नीरा या नद्या सह्याद्रीचे पाणी घेऊन या मुलुखातून वाहतात खऱ्या, पण त्या काळी त्यांचे पाणी काठावरच्या पट्टीपलीकडे चढत नसे. दोन नद्यांच्या मधला सगळा माळ आभाळाच्या भरवशावर. मधून वाहणारी कऱ्हा पावसाळा सरला की वाळूची होते. हलक्या मुरमाड रानात मृगाच्या पावसावर बाजरी पेरायची, काळ्या रानात हस्ताच्या पावसाची वाट पाहून रब्बीची ज्वारी टाकायची आणि दोन्हींपैकी एक जरी साधले तरी वर्ष निभावले म्हणायचे, असा इथला हिशेब. भीमथडी, इंदापूर, पुरंदर, शिरूर हे पुणे जिल्ह्याचे तालुके आणि नगरकडचे श्रीगोंदे, पारनेर, कर्जत यांची जात एकच. अवर्षणाचा हा सलग पट्टा आहे.

माणसेही या मातीला धरूनच राहिली. कुणबी-मराठे आणि माळी शेतीवर, धनगर मेंढरांमागे माळाने आणि हंगाम पाहून घाटाखाली कोकणात, रामोशी राखणीला, महार वतनी गावकामगारीला, शिवाय आपापल्या बलुत्यावर जगणारे सुतार, लोहार, न्हावी, परीट. चांगल्या वर्षी पेवात धान्य साठवायचे आणि वाईट वर्षी ते उकरून खायचे. वाईट वर्षे लागोपाठ आली तर सावकाराकडून धान्य काढायचे. सावकार हा या गावगाड्याचा जुनाच भाग होता. पेशवाईतही तो होता आणि व्याजही जबर घेत होता. पण तेव्हा वसुली त्याला गावाच्या मर्जीने करावी लागे. पाटलाला न विचारता कुळाचे बैल सोडून नेण्याची त्याची टाप नव्हती. जमीन सहसा विकली जात नसे आणि व्याज मुद्दलाइतके झाले की थांबावे, हा दामदुपटीचा दंडक लोकांच्या मनात पक्का होता. सरकारचा सारा गावावर मिळून बसे. पीक बुडाले तर सूट मिळवण्यासाठी पाटील मामलेदाराशी भांडे, आणि ती बहुधा मिळेही.

१८१८ मध्ये कंपनी सरकार आले आणि सारा गावावरून निघून एकेका खातेदारावर आला. रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने १८२७-२८ मध्ये इथली जमीन मोजून, उत्पन्नातून खर्च वजा करून, उरलेल्याच्या ५५ टक्के सारा ठरवला. कागदावर ही रीत अचूक दिसत होती. पण पीक ज्या आकड्यांनी धरले होते तेवढे रानात येत नव्हते, आणि त्यातच धान्याचे भाव पडले. इंदापूर तालुक्यात शेते ओस पडली, कितीतरी कुटुंबे निजामाच्या हद्दीत निघून गेली. शेवटी १८३५ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी इंदापूरपासूनच पुन्हा पाहणी सुरू केली. सारा बराच खाली आणला आणि तीस वर्षे तो वाढणार नाही अशी हमी दिली. या हमीमुळे शेतकरी परतले, पडीक रान उठले. विंगेटची पद्धत पुढे सगळ्या मुंबई इलाख्याने उचलली, तिची सुरुवात या कोरड्या तालुक्यात झाली.

परंतु त्या पद्धतीत दोन गोष्टी होत्या ज्यांची फळे उशिरा दिसली. सारा रोखीने आणि ठरल्या हप्त्याला भरायचा होता, पाऊस पडो वा न पडो. पिकाचा पैसा हाती येण्याआधीच हप्ता उभा राही, म्हणून सावकाराकडे जाणे दर वर्षाचे झाले. दुसरी गोष्ट अशी की जमीन आता खातेदाराच्या नावाने विकता आणि गहाण टाकता येऊ लागली. आजवर कुणब्याच्या अब्रूवर आणि येत्या पिकावर कर्ज मिळे. आता त्याच्या रानावर मिळू लागले, आणि म्हणून ते पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त मिळू लागले. याच सुमारास मारवाडी आणि गुजर वाणी या भागात मोठ्या संख्येने स्थिरावत होते. लहान दुकान, धान्य-कापडाची उधारी, त्यातून कर्ज आणि कर्जातून गहाण, अशी त्यांची चढण असे.

मग दिवाणी कोर्टे आली. मला वाटते, सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त अनर्थ इथे झाला, आणि तोही एका सदिच्छेने केलेल्या कायद्याने. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाचे खत तीन वर्षांनी बाद ठरेल असे ठरवले. व्याज वर्षानुवर्षे साचून कुळाचा गळा आवळू नये, हा हेतू. सावकाराने त्यावर सोपा इलाज काढला: तीन वर्षे भरत आली की थकलेले व्याज मुद्दलात घालून नवे खत लिहून घ्यायचे. आपण हिशेब करून पाहू. समजा शंभर रुपये दरमहा दरशेकडा दोन रुपयांनी काढले. तीन वर्षांचे व्याज ७२. नवे खत १७२ चे. आणखी तीन वर्षांनी ते २९६ च्या घरात जाते आणि नवव्या वर्षी ५०९ होते. दामदुपटीचा जुना दंडक पाळला असता तर देणे दोनशेवर थांबले असते. कोर्टापुढे मात्र शेवटचे खत तेवढे येई, आणि त्यात पाचशे नऊ रुपये रोख मिळाल्याची कबुली असे. खाली निशाणी नांगराची. लिहिता न येणारा कुणबी सहीच्या जागी नांगर काढी.

कोर्टात दावा लागला की बहुतेक कुळे जातच नसत. तालुक्याच्या ठिकाणी पायपीट, वकिलाची फी, आणि हातात दाखवायला पावतीचा चिटोरा नाही. निकाल एकतर्फी होई. मग हुकूमनामा हातात घेऊन सावकार गावात परते आणि आता त्याच्या पाठीशी बेलीफ असे. पाटलाची मर्जी सांभाळण्याची गरज उरली नव्हती. कर्जापायी कुळाला तुरुंगात घालण्याची तरतूद होती. तुरुंगात प्रत्यक्ष थोडेच गेले, पण त्या भीतीने नवे खत लिहून देणारे फार झाले.

कर्जाचा हा डोंगर इतका उंच चढला त्याला दूर देशातले एक युद्ध कारण झाले. इंग्लंडच्या गिरण्यांना लागणारा जवळजवळ तीन-चतुर्थांश कापूस अमेरिकेतून जाई. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटले आणि जिथे वीस लाखांवर गाठी येत होत्या तिथे १८६२ मध्ये जेमतेम ५५,००० आल्या. मुंबईच्या बाजारात कापसाचा भाव आभाळाला टेकला. सुपे-शिरूरच्या माळावर खानदेश-वऱ्हाडासारखा कापूस पिकत नव्हता, पण पैशाचा पूर इथपर्यंत आला. रेल्वे १८५८ मध्ये पुण्याला आणि १८६० मध्ये सोलापूरला पोचली होती, बोरघाटाचे अवघड काम १८६३ मध्ये पुरे झाले. रुळांच्या कामावर मजुरी मिळत होती, गाडीवानांना भाडी मिळत होती, ज्वारी-बाजरीचे भाव चढले होते. सावकार मागेल त्याला, मागेल तेवढे देत होता. कुणब्याने विहीर खणली, बैलजोडी घेतली, लेकीचे लग्न थाटात केले. पुढे साहेब लोकांनी या लग्नांवर पुष्कळ बोटे मोडली. पुढच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या कमिशनने आकडे तपासले तेव्हा मात्र लग्नाचा खर्च कर्जाच्या राशीत त्यांनाही फार मोठा दिसला नाही.

१८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपले. मुंबईतले शेअरबाजाराचे मनोरे कोसळले, प्रेमचंद रायचंदांसारखे धनिक रसातळाला गेले, आणि वरचे पैसे आटले तसे खालच्या सावकारानेही हात आखडता घेतला. नेमक्या याच वेळी विंगेटची तीस वर्षे भरली. १८६७ मध्ये इंदापुरापासून फेरपाहणी सुरू झाली. पाहणी करणाऱ्यांनी तेजीतले भाव पाहिले, लागवडीत आलेली रानेही पाहिली आणि सारा पन्नास टक्क्यांपासून काही ठिकाणी शंभर टक्क्यांपर्यंत चढवला. भाव उतरले, सारा तेवढा वाढलेला राहिला. पुण्यातल्या सार्वजनिक सभेने, गणेश वासुदेव जोशी म्हणजे सार्वजनिक काकांच्या पुढाकाराने, गावोगावची चौकशी करून या वाढीविरुद्ध अर्ज केले. ऑक्टोबर १८७४ मध्ये सरकारने वाढीवर मर्यादा घातली खरी, पण तोवर सावकारांनी सारा भरण्यासाठी पैसे देणे थांबवले होते आणि जुन्या खतांवर हुकूमनामे मात्र भराभर निघत होते.

पहिली ठिणगी पडली ती शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी, डिसेंबर १८७४ मध्ये. काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्यावर दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि त्यांचे राहते घर पाडायला काढले. देशमुख म्हणजे गावचे वतनदार घर. त्यांच्या भिंती उतरताना पाहून गावाला कळले की आता कोणीही सुरक्षित नाही. गावाने ठरवून सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची जमीन कोणी कसायची नाही, त्यांच्या दुकानात कोणी जायचे नाही, न्हाव्याने हजामत करायची नाही, परटाने कपडे धुवायचे नाहीत, कोणी त्यांचे पाणी भरायचे नाही. आपापसांत अशी लेखी संमतिपत्रे करण्याची रीत आसपासच्या गावांत पसरली, आणि जो मोडेल त्याला जातीबाहेर टाकण्याची अट त्यांत घातली गेली. दंग्याआधी पाच महिने या लोकांनी बहिष्काराचा शांत मार्ग धरून पाहिला होता, ही गोष्ट दंग्याच्या धुरात विसरली जाते. कर्ड्याचे सावकार गाड्या भरून शिरूरला निघून गेले. त्यांनी कर्ज देणे बंद केले आणि उन्हाळा आला.

मे महिना हा इथला सर्वांत कठीण काळ. पेवे रिकामी, मृग महिन्यावर आलेला, बियाणे सावकाराकडे. अशात एक वदंता गावोगाव फिरू लागली: कुणा इंग्रज साहेबालाही सावकाराने बुडवले, त्याने विलायतेला राणीकडे दाद मागितली आणि राणीने हुकूम काढला की सावकारांची खते काढून घ्यावी. आपल्या वरचा हाकिम वाईट असला तरी त्याच्याही वरचा न्यायी असेल, ही आशा माणूस सहसा सोडत नाही.

१२ मे रोजी सुप्याच्या बाजाराला भोवतालच्या गावांतून नेहमीपेक्षा जास्त माणसे आली. बाजार भरलेला असताना जमाव दुकानांवर चालून गेला. सावकारांना वह्या आणि खते बाहेर काढायला लावली. ज्यांनी नकार दिला त्यांची दारे फोडली. पुण्याचे डिस्ट्रिक्ट मॅजिस्ट्रेट शनिवारी, १५ मे रोजी, गावात पोचले तेव्हा एक घर जळून गेले होते, डझनभर घरे फोडून धुऊन नेलेली होती, आणि खाते-वह्या, रोखे, धान्य, देशी कापड रस्त्यात आणून जाळल्याच्या राखेचे ढीग तसेच पडलेले होते. फौजदाराने पन्नास माणसे धरली होती. दोन हजारांचा माल परत मिळाला होता. नुकसानीचा अंदाज पंचवीस हजारांवर होता; सावकार लाखाहून जास्त सांगत होते.

पुढचे दोन महिने हेच चित्र पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत उमटले. कुठे लूट झाली, कुठे कडब्याच्या गंजी पेटवल्या, काही ठिकाणी सावकारांना मारहाणही झाली. ज्या घरांत लहान मुले होती आणि दारावर जमाव होता, त्या घरांची भीती कमी लेखण्याचे कारण नाही. शिवाय राग सगळ्या सावकारांवर सारखा नव्हता. जिथे ब्राह्मण आणि मारवाडी दोघेही सावकारी करत तिथे बहुधा मारवाड्यांनाच त्रास झाला, असे कमिशनने नोंदवले. बाहेरून आलेला, वेगळी बोली बोलणारा आणि पैसा कमावून परत जाणारा म्हणून तो डोळ्यांवर आला होता. हे सगळे खरे असूनही दंग्याचा जो विशेष कमिशनच्या साहेबांनाही थक्क करून गेला तो असा की सावकाराने कागद मुकाट्याने दिले तर बहुतेक गावांत प्रकरण तिथेच मिटे. कागद जळाले की जमाव घरी जाई.

जमावाला नेमके काय नको होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. दोन पिढ्यांत गावातली सगळी सक्ती हळूहळू कागदात जाऊन बसली होती. याच पुणे जिल्ह्यात, देहूला, तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, असे वारकरी परंपरा सांगते. ते स्वतः सावकार घरातले होते आणि त्यांनी हाताने आपले येणे सोडले. कागद नाहीसा झाला म्हणजे माणूस मोकळा होतो, ही गोष्ट सुप्याच्या बाजारात जमलेल्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सरकारने लष्कर आणले, पोलिसांच्या चौक्या बसवल्या. एकूण ९५१ जणांना पकडले, ५०१ जणांना शिक्षा झाल्या. मुंबई सरकारच्या वरच्या हिंदुस्थान सरकारला १८५७ अजून विसरता येत नव्हते आणि ते चौकशीसाठी मुंबई सरकारच्या मागे लागले. म्हणून डेक्कन रायट्स कमिशन नेमले गेले. त्याने साक्षी घेतल्या, अर्ज घेतले, गावांची कर्जे मोजली. कर्जत तालुक्यातल्या मिरजगावच्या रयतेने तक्रार केली होती की सावकार कापड आणि धान्य पंचवीस-पन्नास टक्के चढ्या भावाने गळ्यात मारतात, शेतातले पीक ‘खात्याला जमा करतो’ म्हणून उचलतात आणि पावती देत नाहीत. नगर जिल्ह्यातल्या निवडक गावांच्या तपासणीत सुमारे एक-तृतीयांश खातेदार कर्जात बुडालेले निघाले आणि त्यांचे कर्ज सरासरीने साऱ्याच्या अठरा पट होते. कमिशनच्या मुख्य अहवालाने सावकार आणि कोर्टे यांच्याकडे बोट दाखवले. साऱ्याला फारसा दोष दिला नाही. सभासदांपैकी ऑकलंड कोल्विन यांनी मात्र वेगळे टिपण जोडून वाढीव साऱ्यावर नेमके बोट ठेवले. मला कोल्विन जास्त खरे वाटतात. सावकाराचा फास खरा होता, पण त्या फासात मान घालायला कुणब्याला दर हप्त्याला सरकार पाठवत होते.

अहवाल लिहून होतो न होतो तोच १८७६ चा पाऊस गेला आणि १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ या पट्ट्यावर आला. ज्यांची खते जळली होती आणि ज्यांची नव्हती, ते दोघेही खडी फोडायला दुष्काळी कामांवर गेले. त्याच मुलुखातून फिरताना वासुदेव बळवंत फडके यांच्या मनात बंडाची आग धरली, आणि १८७९ मध्ये त्यांच्याबरोबर उभे राहिलेले बरेच जण याच डोंगर-माळावरचे रामोशी होते. त्याच वर्षी डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट झाला. तो पुणे, नगर, सोलापूर आणि सातारा या चार जिल्ह्यांना लागू होता. न्यायाधीशाने खताच्या मागे जाऊन कर्जाचा मूळ इतिहास तपासावा, मुदत तीन वर्षांवरून वाढवावी, दस्त गावच्या रजिस्ट्रारपुढे व्हावेत, कुळाला पावती आणि हिशेब मिळावा, तडजोडीसाठी मध्यस्थ नेमावेत, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंग होऊ नये, ही त्यातली मुख्य कलमे. पुढे न्यायमूर्ती रानडे या कायद्याखाली स्पेशल जज्ज म्हणून या जिल्ह्यांत फिरले.

कायद्याने पुष्कळांच्या जमिनी वाचवल्या. पण साऱ्याचा हप्ता आणि मृगाआधीचे बियाणे यांसाठी लागणारा पैसा कुठून यायचा, याचे उत्तर त्यात नव्हते. विल्यम वेडरबर्न या सनदी अधिकाऱ्याने पुरंदर तालुक्यात शेतकी बँकेचा प्रयोग करण्याची योजना मांडली, रानड्यांनी तिला पाठिंबा दिला; लंडनच्या भारतमंत्र्यांनी ती फेटाळली. मारवाडी सावकार मागे सरला तिथे गावातलाच मोठा बागायतदार कर्ज देऊ लागला, आणि गहाणखताला कोर्ट चाळणी लावते म्हटल्यावर देणाऱ्याने सरळ खरेदीखत लिहून घ्यायला सुरुवात केली. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा त्यांच्यासमोर हाच शेतकरी होता, कायदा झाल्यानंतरचा.

पाण्याचे काम मात्र खरोखर झाले. भाटघरला धरण बांधून नीरेच्या डाव्या कालव्याने १८८० च्या दशकात बारामती-इंदापूरच्या दक्षिण भागात पाणी आले आणि जिथे प्रिंगलच्या काळात शेते ओस पडली होती तिथे ऊस उभा राहिला. तो कालवा उताराच्या ओढीने नीरेच्या अंगाने गेला. सुप्याचा माळ उंचावर राहिला. या बाजूला लोक आजही ‘जिरायती पट्टा’ म्हणूनच बोलतात, जनाई-शिरसाई उपसा योजनेचे आवर्तन कधी सुटणार याची चौकशी करतात, आणि मृग कोरडा गेला की तलाठ्याच्या पंचनाम्याची वाट पाहत बसतात.